काकडाला बांधलेली लाल चिंधी

नाशिकहून निघताना बायकोने बजावलं होतं, "तिथे जाऊन शहाणपणा करू नका." मी मान डोलावली आणि फोनमधलं झाडं ओळखणारं अ‍ॅप पुन्हा एकदा उघडून पाहिलं.

पडघ्याला बसमधून उतरलो तर मित्र सदानंद स्कूटर घेऊन हजर. तो भिवंडीत लूमवर मुकादम आहे. सुट्टीच्या दिवशी तो आणि चार कामगार शेलारजवळच्या ओढ्याकाठचं रान साफ करतात; या वेळी मीही मदतीला आलो होतो. गोदामांच्या पत्र्यांमागे एवढ्या गर्द झाडीतली वाट असेल असं वाटलं नव्हतं. करंज, उंबर, भोकर ही जुनी मंडळी अंग चोरून उभी होती आणि घाणेरी, सुबाभूळ, गिरिपुष्प हे पाहुणे ऐसपैस पसरले होते. पाणी तर जलपर्णीखाली दिसतच नव्हतं.

कामाची पद्धत सोपी. लूमवर उरलेल्या लाल चिंध्या बाहेरच्या झाडांना बांधायच्या. मागून त्या कामगारांपैकी अस्लमभाई करवतीचं मशीन घेऊन येणार आणि चिंधी दिसेल ते झाड आडवं करणार. चिंध्यांचं काम मी हट्टाने मागून घेतलं. दहा-बारा सुबाभळी झाल्यावर वळणावर एक उंच झाड दिसलं. अ‍ॅप म्हणालं, गिरिपुष्प. मी चिंधी बांधून वर दुहेरी गाठ मारली.

तेवढ्यात टोपली आणि आकडी (फळं काढायची काठी) घेऊन एक बाई आल्या.

"ही चिंधी कोनी बांधली?"

"मी. बाहेरचं झाड आहे, मावशी."

"बाहेरचं? माझ्या सासूच्या आधीपासून हितं हाय. काकड हाय ते!"

या भीमाबाई. ज्येष्ठ लागला की अंबाडी नाक्यावर शेवळं (रानात उगवणारे कोंब, त्यांची भाजी होते) विकतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. काकडाची आंबट फळं घातली की खाज मरते. म्हणून जुडीवर मूठभर काकडं असल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही.

"जवळपास येकच झाड ऱ्हायलंय. ते गेलं तं माझा धंदा गेला, भाऊ."

मला लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणालो, "एवढी काही खाजत नसतील," आणि टोपलीतल्या कोंबाचा तुकडा चावला.

जिभेला, टाळूला, घशाला एकदम आग लागली. डोळ्यांत पाणी आलं, शब्द फुटेना. नेमके तेव्हाच अस्लमभाई मशीन सुरू करून वळणावर आले. मी ओरडायला गेलो, पण नुसता घरघर आवाज निघाला. मशीनपुढे भीमाबाईंचंही ऐकू जाईना. शेवटी मी झाडाला मिठीच मारली.

मशीन बंद झालं. "क्या हुआ साब?"

"साब कच्चा शेवळ खाया!" भीमाबाई हसत म्हणाल्या. "ये झाड नहीं काटने का. काकड हाय."

अस्लमभाईंनी दोन बोटांनी माझी गाठ सोडवली. "ये गाँठ है? लूम पे ऐसी मारोगे तो सेठ घर भेज देगा."

भीमाबाईंनी मला काकडं चघळायला दिली. आंबटपणाने दात शिवशिवले, पण घसा हळूहळू माणसात आला. मग उरलेला दिवस मी फोन खिशात ठेवला आणि प्रत्येक झाडाआधी त्यांना विचारलं.

भीमाबाईंकडून घेतलेल्या शेवळांची आणि काकडांची घरी भाजी झाली, कोणाचाही घसा खाजला नाही. काकडाच्या बिया मी कुंडीत लावल्या. परवा एक रोप वर आलं. त्याच्या आधाराच्या काठीला मी तीच लाल चिंधी बांधली आहे.

"म्हणजे हे तोडायचं का?" बायकोने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी कात्री घेऊन आलो तर ही बघून थांबावं म्हणून."