न धुतलेला कोबी

कोरियन मालिका बहुतेक सोळा भागांची असते आणि चौदाव्या भागात सगळे हसायला लागले की मला भीती वाटायला लागते. नायक-नायिका एकत्र स्वयंपाक करतात, रुसलेली आई परत बोलायला लागते, आणि मी पाय वर घेऊन उशी पोटाशी धरते, कारण आता कुणीतरी मरणार. रस्ता ओलांडताना पांढरा ट्रक येईल, नाहीतर कुणाच्या तरी नाकातून रक्त येईल. मी मुळातच भित्री आहे. भित्र्या माणसाने असलं बघू नये हे मला कळतं, पण गेली चार वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही.

सुरुवातीला एकटीच बघायचे. मग सासूबाई येऊन बसायला लागल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. वय पंच्याहत्तर, माहेर गगनबावड्याकडचं, आवाज असा की गल्लीच्या टोकाला गेलेला भाजीवाला मागे फिरावा. दुपारी जेवणं उरकली, नवरा एमआयडीसीत परत गेला, की त्या मला हिंदी आवाज लावायला सांगायच्या आणि पडद्यावरच्या माणसांशी भांडायच्या. "अगं सांग की त्याला! मिठाची गुळणी धरलीयास व्हय तोंडात?" नायिका मुकाट्याने पावसात भिजत गेली की मला रडू यायचं आणि आत्तींना राग. "छत्री हाय की हातात बया, उघड की ती!"

आम्हा दोघींना एक गोष्ट मात्र पाठ झाली होती. या मालिकांमध्ये नाकातून रक्त आलं की तो माणूस दोन-तीन भागांचा सोबती. तो गुपचूप रक्त पुसतो, घरात कुणाला सांगत नाही, डॉक्टरांकडून एकटाच परत येतो. रक्ताचा कर्करोग असतो. दरवेळी तोच. नाकाखाली लाल थेंब दिसला रे दिसला की आत्ती हात जोडायच्या. "गेलं बघ हे बी."

आता किमचीचं सांगते. त्या लोकांच्या जेवणात ते लाल लाल कोबीचं लोणचं रोज असतं आणि ते खाताना त्यांचे चेहरे असे खुलतात की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मी ठरवलं, घरी करायची. तो लांबट कोबी मिळाला नाही म्हणून लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आपला साधा गड्डा आणला, चिरला, ओंजळीने मीठ चोळून रात्रभर ठेवला. मोबाइलवरची बाई सांगत होती, आता हा कोबी तीन पाण्यांनी धुवा. मी नळाखाली पातेलं धरलं तशा आत्ती ओरडल्या.

"लोणच्याला पाणी लावत्यात व्हय गं? नासंल की समदं!"

मला पटलं. आमच्या घरात लोणच्याच्या दिवशी ओल्या हाताने कुणी बरणीजवळसुद्धा जात नाही. कैरी पुसून कोरडी करायची, चमचा पुसून कोरडा करायचा, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय. मोबाइलवरच्या त्या बाईला काय कळतंय, म्हणून मी कोबी नुसता पिळला. वर घरची कांदा-लसूण चटणी घातली. तिच्यात मीठ असतंच. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि पाच दिवसांनी वाढलं.

नवऱ्याने एक घास घेतला आणि ताटाच्या कडेला सरकवून ठेवला. मी स्वतः दोन-चार दिवस नेटाने खाल्ली, मग वेळ नाही, पित्त झालंय अशी कारणं काढायला लागले. आत्ती मात्र रोज खायच्या. भाकरीबरोबर दोन्ही वेळा, अगदी चवीने. "झ्याक झालंय," म्हणायच्या. मी इतकी फुशारले की बरणी संपायच्या आत दुसरी घातली, मग तिसरी.

तिसरी अर्धी झाली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही पंधरावा भाग बघत होतो. नायिका आजारी आहे हे सगळ्यांना कळलं होतं आणि मी उशीत तोंड लपवलं होतं. शेजारून आत्तींची बडबड थांबली म्हणून बघितलं, तर त्यांच्या नाकातून रक्ताची धार ओठावर आली होती. त्यांनी ती पदराने पुसली, पदराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझा बी पंधरावा भाग आला म्हणायचा," त्या हसून म्हणाल्या.

मला हसता आलं नाही. पाच मिनिटांत रक्त थांबलं. आत्तींनी माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस. कामाचा माणूस हाय, उगं घोर लागंल." आणि मी, शिकलेली बाई, मान डोलावली. आम्ही दोघींनी पडद्यावर शंभरदा ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्यासारखंच वागलो.

पुढचे तीन दिवस मी चोरासारखी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. त्या डोळे मिटून पायरीवर बसल्या की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाहेर जायचे, छाती वरखाली होते का बघायचे. डोकं दुखतंय म्हणाल्या की माझ्या मनात रुग्णालयाच्या पांढऱ्या बोळातला प्रसंग सुरू व्हायचा. केस गळतील का, किती महिने मिळतील, नवऱ्याला कसं सांगायचं. दुपारची मालिका बंद केली. टीव्हीकडे बघायचीही भीती वाटत होती. पण डॉक्टरकडे चला, एवढं एक वाक्य काही तोंडातून फुटलं नाही. गेलं की कळणार, आणि कळलं की खरं होणार.

चौथ्या दिवशी जेवताना परत रक्त आलं आणि ते थांबेना. टॉवेल भिजला. मी नवऱ्याला फोन केला, आत्तींना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात त्या पहिल्यांदाच गप्प होत्या, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला रक्तापेक्षा जास्त भिववत होतं.

डॉक्टरांनी नाकात बोळा घातला, ब्लडप्रेशर एकदा मोजलं, लगेच दुसऱ्यांदा मोजलं, आणि नर्सला हाक मारली. तोवर नवराही धावत पोचला होता. मला राहवलं नाही.

"डॉक्टर, ब्लड कॅन्सर आहे का?"

डॉक्टरांनी वळून बघितलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"टीव्हीत दाखवत्यात की," आत्ती नाकातल्या बोळ्यासकट म्हणाल्या.

प्रेशर भयंकर वाढलं होतं, बाकी काही नव्हतं. प्रेशरच्या नेहमीच्या गोळ्या वेळेवर घेता का, हो. मग डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात मीठ किती? लोणचं, पापड?"

"न्हाय बा," आत्ती ताबडतोब म्हणाल्या. "अळणीच खातो मी." आणि भिंतीकडे बघायला लागल्या.

तेव्हा मला बरणी आठवली. खरी भीती मला त्या क्षणी कळली. आधीचे तीन दिवस मी ज्याला घाबरत होते ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं होतं. हे माझ्या हातचं होतं. वर्षभरापूर्वी याच खोलीत, याच डॉक्टरांनी, घरात स्वयंपाक कोण करतं असं विचारून मिठाचं पथ्य मला सांगितलं होतं, आत्तींना नाही. आता नवरा शेजारी उभा होता. गप्प बसले असते तर चाललं असतं, आत्तींनी मला वाचवलंच होतं. पण डॉक्टर गोळ्या बदलायला लागले होते, चुकीच्या उत्तरावरून. मी सगळं सांगितलं. किती मीठ, किती चटणी, दिवसातून किती वेळा.

"आणि कोबी धुतला नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"लोणच्याला पाणी लावत नाहीत आमच्यात," मी म्हणाले, आणि मलाच ते ऐकवेना.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की रक्त नाकातून आलं हे नशीब, मेंदूत रक्तस्राव झाला असता तर आणायला वेळही मिळाला नसता. नवरा माझ्याकडे न बघता औषधं आणायला गेला.

दोन दिवस त्यांना तिथेच ठेवलं. दंडावरचा पट्टा ठरावीक वेळाने आपोआप फुगायचा. मालिकेत अशा वेळी संगीत तरी असतं. इथे पंखा कुरकुरत होता आणि पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक चपात्या खात होते. मी प्रेशरच्या आकड्याकडे बघत बसायचे. तो खाली आला की परत वर जाईल याची भीती, वर गेला की आता संपलं याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा खाली आला आणि खालीच राहिला. नवरा चहा आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "आत्ती, डॉक्टरांना खोटं कशाला सांगितलंत?"

"पोराच्या म्होरं तुला बोल लागला असता की."

"अहो, पण जिवावर बेतलं होतं. किमची एवढी आवडली होती का तुम्हाला?"

त्यांनी कपाळावर हात मारला.

"आवडतंय कुठलं गं! मिठानं जीभ सोलून निघायची. पर घरात कोण शिवंना त्याला. आणि तू रोज माझ्या ताटाकडं बघत बसायचीस."

मी त्यांचा हात हातात घेतला.

आता त्या बऱ्या आहेत. आम्ही परत दुपारी मालिका बघतो, त्या परत भांडतात. पण रोज मी ताट वाढते, त्या पहिला घास घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "झ्याक झालंय." आणि मला भीती वाटायला लागते.