फ्रीजवरचा चार

ये गं पोरी, अशी जवळ बस. आल्या आल्या ओलं फडकं घेऊन फ्रीज पुसायला कशाला धावतेस? कौतुक आहे तुझं, पण त्या दारावरच्या बटणांना हात लावायचा नाही, कितींदा सांगू? का, ते आज सांगतेच.

माझं माहेर पूर्वेकडचं, मेंढरंवाल्यांचं. दसऱ्याच्या सुमाराला माझा धाकटा भाऊ कळप घेऊन आपल्या पलूसकडं येतो. एका साली शेजारच्या कळपात रोग शिरला होता. रोज मेंढरं पडत होती. भावानं सांगलीहून लसीच्या बाटल्या आणल्या आणि माझ्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

"आक्का, गार ऱ्हायली पायजे. तापली की ती नुसतं पाणी."

दुसऱ्या दिवशी दुपारून जनावरांचे डॉक्टर येऊन टोचणार होते.

तो दिवस खंडेनवमीचा. तुझे सासरे फौजेतले. विळे, मोटर, मोटारसायकल, सगळं पुसून पूजेला. फ्रीजही सुटला नाही. पट्ट्याचं बक्कल घासावं तशी त्यांनी ओल्या फडक्यानं बटणं घासली, वर पाच बोटं कुंकू ओढलं.

दुपारी ताकाला दार उघडलं. आत दिवा लागला, बाहेर दारावर थंडीचा आकडा चार. पण भांडं हाताला गार लागेना. बर्फाच्या ट्रेत निम्मं पाणी. आणि ती नेहमीची घुरघुर नाहीच.

"आवं, फ्रीज बंद पडलाय!"

"बंद कसा? चार दाखवतोय न्हवं? चार म्हंजे चार."

"बर्फ इरघळलाय."

"तू सारखी दार उघडतीस म्हणून." असं म्हणत स्वतःच दार उघडून आत वाकले.

"लावा आधी ते!"

प्लग काढून परत लावला. पुन्हा चार, घुरघुर नाही. शेवटी जिथनं फ्रीज घेतला त्या सांगलीच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "आजी, बटणं कुणी दाबून पुसली का?" मी यांच्याकडं बघितलं, हे छताकडं बघायला लागले.

"दुकानात मांडायला फ्रीज असा लावतात, ती बटणं दाबली गेली की तसाच होतो. दिवा लागतो, आकडा दिसतो, गार काही होत नाही. तो आकडा तुम्ही ठरवलेला. आतली थंडी तो सांगतच नाही."

परत चालू करायला दोन बटणं एकदम दाबून धरायची होती. कुंकवाच्या थरानं ती बोटाला दाद देईनात. कोरड्या फडक्यानं पुसली, यांनी अंगठे रोवले. पीं वाजलं, आणि जरा वेळानं घुरघुर सुरू झाली.

"झालं गार," हे म्हणाले. "आता मेव्हण्याला कशाला सांगतीस?"

"आणि सकाळपासनं काय झालं? मेलेली लस टोचून तो निवांत झोपायचा, अन् मेंढरं?"

भाऊ आला. मी सगळं सांगितलं. त्यानं बाटली गालाला लावली. मग म्हणाला, "दाजी, तुमच्या आकड्यावर माझी मेंढरं जगायची व्हय?"

डॉक्टर आले. त्यांनीही बाटल्या बाजूला सारल्या. "ही टोचायची न्हाई. नवी आणा, बर्फात घालून. मी थांबतो."

यांनी गाडीला किक मारली, म्हणाले, "बस मागं." दोघं सांगलीला गेले. मी डॉक्टरांना चहावर चहा पाजत रस्त्याकडं डोळे लावून बसले. एवढ्यात उजेड गेला तर? दुकान बंद असलं तर?

दिवस बुडता बुडता आले. गाडीच्या उजेडात शेवटची मेंढरं टोचली. हे एकेक मेंढरू स्वतः धरून देत होते.

रोगानं भावाची दोन नेलीच. बाकीचा कळप तगला. तवापासनं भाऊ दर साली लस माझ्याकडंच ठेवतो, अन् हे दिवसातनं दहादा फ्रीजला कान लावतात.

आता तू परत साताऱ्याला, तुझ्या घरी जाशील. पण तुझ्या पोरांनी अजून कोकरू हातात धरलेलं नाही गं. भावाचा कळप इथनं पुढं सरकायच्या आत त्यांना घेऊन ये. लवकर ये.