गीताबाईचा उजवा हातमोजा

गीताबाई मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला तिच्या बाजूचा समजायला नको. देऊळगाव राजाला माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि बावीस वर्षांत ही बाई भांडल्याशिवाय एकदाही पायरी उतरलेली नाही. वयाने माझ्याहून लहान, तरी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे.

ती आणि तिचा नवरा कारभारी शेतांना काटेरी तारेचं कुंपण घालतात. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं वाढल्यापासून त्यांच्या कामाला खंड नाही. चामडी हातमोज्यांचा पहिला जोड माझ्याकडून नेला आणि तिसऱ्या दिवशी गीताबाईने तो माझ्या टेबलावर आपटला.

"शेठ, हे चामडं हाय का पत्रा? बोट वाकून नाही राह्यलं."

मी म्हटलं, नवं चामडं असंच असतं, पंधरा दिवस घाल, मऊ पडेल. "म्हणजे फोड माह्या हाताले आन् पैसे तुले," ती म्हणाली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चौघंही हसली. तेव्हापासून तिचा राग माझ्या मनात आहे.

पण या बाईचं डोकं चालतं, हे मान्य करावंच लागेल. कारभारी उजव्या हाताने पक्कड चालवतो आणि डाव्याने तार धरतो. काटे तार धरणाऱ्या हाताला लागतात, म्हणून त्याचा डावा मोजा आधी फाटतो. गीताबाई डावखुरी, तिचा उजवा फाटतो. बाकीचे कुंपणवाले एक फाटला की जोड फेकतात. हिने कारभारीचा शाबूत उजवा स्वतः घातला आणि आपला शाबूत डावा त्याला दिला. पक्कडीच्या हातांसाठी दोघांत मिळून एकच नवा जोड घ्यायचा. दोन जोडांत चार जोडांचं काम व्हायला लागलं. वर सुख असं, की पक्कड चालवून चालवून मऊ झालेला मोजा तारेच्या हाताला मिळायचा. त्याने नरम केलेला तिला, तिने नरम केलेला त्याला. घरी दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते, मोज्यांची अदलाबदल मात्र चुकली नाही.

मागच्या वर्षी दुसरबीडजवळ पंजाबराव नावाच्या बागायतदाराच्या लिंबाच्या बागेत ते बिनसलं. पंजाबरावांनी कुंपणाची तारीफ केली. कारभारी म्हणाला, "बाई नुसती तार धरते. काम माह्यं हाय." गीताबाईने पक्कड तिथेच खाली ठेवली, रस्त्यावर आली आणि बसमध्ये बसून माहेरी निघून गेली. आठ दिवसांनी तिने जानराव नावाच्या दुसऱ्या बागायतदाराच्या मोसंबीच्या बागेचं कुंपण एकटीच्या नावावर अंगावर घेतलं. ते नीट झालं तर तिला पुढे कामं मिळणार होती. फसलं तर मुकाट्याने कारभारीच्या मागे तार धरायची, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

"महिन्याभरात परत येईन ते बाई," कारभारी दुकानात येऊन मला म्हणाला. पिशवीतून त्याने तीन उजवे मोजे काढले. पाचही बोटं कात्रीने छाटलेली. "मोजे मागाले आली का हेच देजा."

मला किळस आली. तरी मी ते ठेवून घेतले, कारण नवरा-बायकोच्या भांडणात पडायची मला हौस नाही.

ती आलीच. नव्या कडक मोज्याने उजव्या तळव्यावर फोड उठून फुटले होते. पकड सुटून तार उसळली, तिचा ओरखडा कोपरापर्यंत गेला होता. तिने तीन डावे मोजे मांडले, लोण्यासारखे मऊ. "हे त्याचे. माहे उजवे आले का?"

मी छाटलेले दाखवले. तिने एकेका मोज्यात हात घालून पाहिला. डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. नाही आलं.

"तुझेही छाट," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

"छाटले तर फेकून देईन तो. असे दिले तर घालन. रोज घालन आन् रोज त्याले समजन का हे कोनाच्या हातानं नरम झाले." मग नवा कडक जोड घेऊन, आणि भावावरून माझ्याशी भांडून, ती गेली.

कारभारी आला तेव्हा त्याच्याही डाव्या तळव्याची सालटी निघाली होती. त्याने तिने ठेवलेला एक मोजा चढवला, मूठ वळली आणि एक घाणेरडी शिवी दिली. तीनही मोजे मात्र पिशवीत टाकले.

दीड महिन्याने तो पुन्हा आला. या वेळी एकच उजवा मोजा होता, पाचही बोटं शाबूत, तेल लावून मऊ केलेला. "तिले देजा," तो म्हणाला. "आन् सांगजा, पंजाबराव दुसऱ्या वावराले कुंपण घालून राह्यले. दोघाचं काम हाय."

गीताबाई सोमवारी आली. सोबत तिच्या भावाची मुलगी काजल होती. जानरावांचं कुंपण पुरं झालं होतं आणि त्यांच्या शेजाऱ्याने तिला बोलावलं होतं. मी मोजा दिला, निरोप सांगितला. तिने मोजा चढवला, बोटं चार-पाच वेळा वाकवली आणि काढून माझ्यासमोर ठेवला.

"त्याले सांग, बसला. पन मले आता लागत नाही." मग काजलकडे बोट दाखवून म्हणाली, "हे उजव्या हातानं पक्कड चालवते. दोन जोड दे."

म्हणजे पुन्हा दोन जोडांत चारांचं काम. मी भाव कमी केला नाही.

दोन दिवसांनी कारभारी आला. मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्याने मोजा उचलला, आत-बाहेर पाहिला.

"बसला म्हनली?" त्याने विचारलं.

"पुढचंही ऐक," मी म्हटलं, आणि ते त्याला दोनदा सांगितलं.