चाळीस घोडे आणि वीस फुटांची होडी

मी या सहलीला जाणार नव्हते. होडीचं गणित आठवडाभर आधीच कागदावर मांडून झालं होतं, आणि जे कागदावर दिसतं ते बघायला पन्नास किलोमीटर जायची मला हौस नाही. पण फेब्रुवारी होता, नाथसागरावर परदेशी पक्षी अजून मुक्कामाला होते, आणि माझे यजमान विनायक म्हणाले, "चल तर. तुझं पुस्तकी ज्ञान एकदा पाण्यावर बघ." कॉन्व्हेंटमध्ये शिकून पुढे एकतीस वर्षं त्याच शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला हे ऐकवणारा माणूस शेंद्र्याच्या एका कारखान्यातून मेंटेनन्सचा प्रमुख म्हणून निवृत्त झाला आहे. म्हणून गेले.

आधी प्रकरण सांगते. विनायक आणि त्यांचे कारखान्यातले जुने फिटर सलीमभाई दर हिवाळ्यात नाथसागराच्या, म्हणजे धरणाच्या, फुगवट्यावर जातात. तिथे हरिभाऊ नावाचे भोई आहेत. त्यांची लाकडी होडी, गोल बुडाची, जाड फळ्यांची, पाण्यात वीस फूट लांब. मधोमध शेतावर पाणी उपसायचं आठ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. ते रोज सकाळी गावातल्या बायकांना पलीकडच्या मळ्यांत कामाला नेत आणि संध्याकाळी आणत. अंतर सहा किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं. गेल्या वर्षी पुलावरून फिरून जाणारी जीप सुरू झाली. ती अर्ध्या तासात पोचवते. बायका एकेक करून जीपकडे जायला लागल्या.

हरिभाऊंनी हे दुखणं विनायकना सांगितलं आणि विनायकना उपाय लगेच सुचला. मोठं इंजिन. सलीमभाईंनी ओळखीतून कोकणातलं वापरलेलं चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन मिळवलं. होडीच्या मागच्या टोकाला टांगायचं, तसलं. आमच्या दिवाणखान्यात बसून हिशेब झाला: ताकद पाचपट, तेव्हा वेळ पाच भागांतला एक. "फार तर पंधरा मिनिटं धर," विनायक उदारपणे म्हणाले.

हा हिशेब आमच्याच गावच्या माणसाला सुचावा. समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो किलोमीटर दूर, आणि जे काही चालतं ते रस्त्यावर. मोटरसायकलला ताकद वाढवली की ती पळते. ट्रॅक्टरला वाढवली की नांगर खोल जातो. मग होडीला काय धाड भरली?

मी कागद घेतला. पाणी कापत जाणारी होडी स्वतःची लाट उठवत चालते. वेग वाढला की ती लाट लांब होते. वीस फुटांच्या होडीची लाट ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास होडीएवढीच लांब होते. नाक एका उंचवट्यावर, शेपूट दुसऱ्या उंचवट्यावर, पोट मधल्या खळग्यात. त्याहून जोर लावला की मागचा उंचवटा शेपटाखालून निसटतो, शेपूट खाली बसतं आणि होडी आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते. सारं इंधन त्या चढात जातं. सपाट बुडाची हलकी बोट पाण्यावर घसरत निघून जाईल, ही गोल बुडाची जड होडी जाणार नाही. जुनं इंजिन तिला ताशी नऊ किलोमीटरने नेतच होतं. म्हणजे वाढायला जागा उरली होती जेमतेम दोन किलोमीटरची.

हे सगळं मी सुवाच्य अक्षरात, आकृतीसह लिहून विनायकच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, "छान आहे." आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

सकाळी सहाला निघालो. गाडी विनायक चालवत होते, शेजारी सलीमभाई, मागे मी आणि हार घातलेला नारळ. इंजिन सलीमभाईंनी आधीच नेऊन होडीवर बसवलं होतं. नगर रस्त्याने जाणार असाल तर वाळूजच्या कारखान्यांची पाळी सुटायच्या आत पार व्हा, नाहीतर कंपन्यांच्या बसमागे धूर खात बसाल. रस्ता बरा आहे, मधले काही पट्टे सोडून. त्या पट्ट्यांबद्दल काही लिहिलं तर हा ब्लॉग भाषेमुळे बंद होईल. वाटेत एका टपरीवर पोहे खाल्ले, पंचवीस रुपये प्लेट, वर तिखट रस्सा. पोहे चांगले होते. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का असं विचारल्यावर मालकाने उसाच्या फडाकडे बोट दाखवलं. वाचकांपैकी बायकांनी घरूनच सोय करून निघावं. पाणी बेताने प्यावं.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर कच्च्या वाटेने गेलं की एकदम समोर पाणी येतं. दूरवर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी पट्टी होती. मी दुर्बीण काढली. पाच मिनिटं मिळाली, त्या दिवसातली तेवढीच चांगली.

काठावर हरिभाऊ धुतलेला पांढरा सदरा घालून उभे होते. साठीचे, बारीक, फार न बोलणारे. त्यांच्या कारभारीण कौसाबाईंनी नव्या इंजिनाला हळद-कुंकू लावलं, विनायकनी नारळ फोडला. चाचणीसाठी आठ बायका विळे-डबे घेऊन आल्या होत्या. आज फुकट होतं.

"साहेब, जीपच्या आधी जाईल ना व्हो?" त्यांतली एक म्हणाली.

"जीपवाला अजून पुलावर असेल, तुम्ही पलीकडं जाऊन तंबाखू मळत बसाल," विनायक म्हणाले.

"आम्ही मिसरी लावतो, साहेब," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी विचारलं, "हरिभाऊ, जुनं इंजिन कुठे आहे?"

"मेव्हण्याला दिलं, बाई. त्याच्या विहिरीवर बसवलंय. हितं दोन-दोन काय करायची?"

मी विनायककडे बघितलं. ते नारळाचे तुकडे वाटत होते.

एरवी हरिभाऊ वजनदार माणसांना मधे बसवतात, हे मला नंतर कळलं. आज पाहुण्यांचा मान होता. "मागं बसा साहेब, इंजिनापाशी. बाई, तुम्ही बी." विनायक ब्याण्णव किलो, सलीमभाई त्याहून थोडे अधिक, माझं विचारू नका. शिवाय ते जड मशीन. म्हणजे खाली जाणाऱ्या शेपटावर आम्ही तिघं मानाने बसलो. लाइफ जॅकेट चार होती. ती कुणी घातली नाहीत, उशी म्हणून घेतली.

इंजिन सुरू झालं तेव्हा रोहित उडाले. पट्टी विस्कटून आकाशात गेली आणि मी ती धड पाहिलीही नाही, कारण होडीचं नाक वर चढलं होतं आणि पुढच्या बायका माझ्याहून हातभर उंच दिसत होत्या. मागे पाण्याची भिंत उभी राहिली. आवाज असा, की आपण विमानाच्या वेगाने निघालोय असं वाटावं. काठावरचं बाभळीचं झाड मात्र हलायला तयार नव्हतं.

"बघ, बघ," विनायक ओरडून म्हणाले. "काय पॉवर आहे."

मी घड्याळ बघत होते.

विसाव्या मिनिटाला आम्ही जेमतेम अर्ध्याच्या पुढे होतो. होडीच्या मागच्या कडेवरून पाणी आत येऊ लागलं होतं आणि हरिभाऊ एका हाताने तेलाच्या डब्याने ते उपसत होते. सलीमभाई माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "भाभी, साहब तुम्हारे कागज की बात बताए थे. तुम सच्ची लिखे थे. यह आगे नई जाती, खाली पानी खोदती."

"हे त्यांना सांगा," मी म्हटलं.

"मैं क्या बोलूं? इंजन तो मैंच लाया."

चौतीस मिनिटं लागली. पलीकडच्या काठाला जीप उभी होती आणि ड्रायव्हर बोनेटवर बसून मोबाइल बघत होता. बायका उतरल्या. आठहीजणींच्या साड्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. मघाशी हसणारी बाई हरिभाऊंना म्हणाली, "भाऊ, सांच्याला आम्ही जीपनं येतो. तुमी वाट नका बघू." तिच्या बोलण्यात काही राग नव्हता. हरिभाऊ "व्हय" म्हणाले आणि पाणी उपसत राहिले.

इथे तरी थांबायला हवं होतं. पण विनायक म्हणाले, "लोड जास्त होतं. आता रिकामी आहे, आता बघा." मी म्हटलं, "अहो, निदान पुढे बसू या, मागे वजन नको." ते म्हणाले, "अगं, तू पक्षी बघ."

परतताना पुढे कुणीच नव्हतं, त्यामुळे नाक आणखी वर गेलं. मध्यावर एक कोरडा आवाज आला, चुलीसाठी वाळका फाटा मोडावा तसा. इंजिन ज्या फळीला बोल्टने आवळलं होतं ती फळी होडीच्या कण्यापर्यंत चिरत गेली. सलीमभाईंनी इंजिन बंद करून दोरीने धरून ठेवलं, विनायक आणि मी डबा आणि माझ्या टोपीने पाणी काढत बसलो आणि हरिभाऊंनी वल्ही मारत आम्हाला काठाला आणलं. दोन तास. तेवढ्यात रोहित पक्षी परत येऊन बसले.

कौसाबाईंनी जेवायला वाढलं. तळलेले मासे, बाजरीची भाकरी, कांद्याची पात. असं जेवण शहरात कुठे मिळणार नाही. विनायक हात धुवायला गेले तेव्हा मी हरिभाऊंना म्हटलं, "जुनं इंजिन परत मागा."

"आता कसं मागू, बाई? त्याचा कांदा उभा हाय." भाकरी मोडत म्हणाले, "आन् बसवू कशात?"

मला तोंड उघडायची गरज नव्हती. पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही, म्हणून सांगितलं. लाट, लांबी, अकरा किलोमीटर, सगळं. त्यांनी नीट ऐकलं. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाहून नीट ऐकलं.

"लाट मागं बसती, ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "रोजच बघतो. वाटलं, साहेबांच्या मशीनला त्यातलं काय तरी निराळं ठावं असंल." मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "पर तुमाला हे आधीपासून ठावं होतं?"

"हो."

"मंग मला सांगायचं ना, बाई."

येताना क्रांती चौकात पाऊण तास अडकलो. तिथे विनायक म्हणाले, "होडीच जुनाट होती." सलीमभाई खिडकीबाहेर बघत राहिले. मी रागाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की उत्तर देण्याचा हक्क माझ्याकडेही फारसा उरलेला नाही.

जाणार असाल तर फेब्रुवारी संपायच्या आत जा. पक्षी काठावरूनही छान दिसतात, दुर्बीण न्या, टोप्या दोन न्या. होडीची चौकशी करू नका, सध्या होडी नाही. पलीकडे जायला जीप आहे. ती अर्ध्या तासात पोचवते.

तो कागद घरी टेबलावरच होता, चहाच्या गोल डागासकट. मी पुन्हा तपासला. आकृती बरोबर, लांबीच्या वर्गमूळावरून काढलेला वेग बरोबर, तेहतीस मिनिटांचा अंदाजही एखाद्याच मिनिटाने चुकलेला. दिवाणखान्यात चारचौघांसमोर नवऱ्याला खोटं पाडू नये, हे आमच्या सिस्टरनी आम्हाला विज्ञानापेक्षा पक्कं शिकवलं होतं, म्हणून मी ते एकट्या त्यांनाच लिहून दिलं आणि माझं काम संपलं असं समजले. त्या आठवड्यात हरिभाऊंचा दोनदा फोन आला होता. दोन्ही वेळा मीच उचलला आणि विनायकना दिला.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, हा कुणासाठी, ते नाव मी लिहिलं होतं, शाळेच्या सवयीने, अधोरेखित करून. विनायक.