मामी समुद्रावर किती वेळा गेली

आमच्या मामीइतका समुद्र माहीत असलेलं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरं सापडणार नाही, असं मी बारावीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. मामा पूर्वी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. तिथल्याच मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि आंतरजिल्हा बदली मिळाल्यावर तिला घेऊन तलवाड्याला परतले. गावाने तिचं नाव 'मास्तरीणबाई' करून टाकलं आणि समुद्राचा सगळा कारभार तिच्याकडे सोपवला. टीव्हीवर वादळाची बातमी लागली की शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायच्या, "मास्तरीणबाई, तुमचा समिंदर कावून खवळलाय वो?" मामी पोळी लाटता लाटता सांगायची, "खवळंल नाय तर काय करंल? बसंल चार दिवस रुसून, मग येईल ताळ्यावर." एखाद्या हट्टी दिराबद्दल बोलावं तसं.

माझे आईवडील शाळेत फार गेलेले नाहीत. पुस्तकं असलेलं आमच्या नात्यातलं एकच घर म्हणजे मामाचं, म्हणून मला शिकायला तिथे ठेवलं होतं. त्यामुळे मामीच्या सवयी मी जवळून पाहिल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते. मामी तीच चादर दुपारभर उलटीपालटी करायची, हुंगायची आणि "अजून दमट हाय गो" म्हणून परत टाकायची. पापडाच्या डब्याला ती आतून फडकं लावायची आणि झाकणावर वरवंटा ठेवायची, सादळतील म्हणून. तलवाड्यात पापड सादळल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आमच्याकडे माणसं वाळतात. थंडीतसुद्धा तिला कूलर लागायचा, पाणी न घालता, नुसत्या घोंघावण्यासाठी. आवाजाशिवाय तिला झोपच यायची नाही. मामा दोन गोधड्यांतून तोंड बाहेर काढून म्हणायचे, "बदली माझी झाली होती. समुद्र कावून संगं आला?" फळांचा गाडा घेऊन येणारे चाचा नारळ आणायचे. मामी एकेक नारळ कानाशी धरून इतका वेळ हलवायची की चाचा शेवटी हात जोडायचे, "भाबी, नारळ हाय, फोन न्हाई. घ्या की येखादा." ती सगळे परत ठेवायची. म्हणायची, "आमच्याकडचा नारळ बोलतो."

पुढे जे झालं त्यात चूक माझी होती. बारावीला पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी एक मुलाखत घ्यायची होती. मी वही घेऊन मामीपुढे बसले. दुपारची वेळ, ओट्यावर चारपाच बायका शेंगा फोडत बसलेल्या. मी विचारलं, "मामी, तुम्ही समुद्रावर आठवड्यातून किती वेळा जायचा?"

"आठवड्यातून?" मामी बोटं मोजायला लागली. "गणपती विसर्जनाला. म्हणजे आम्ही बायका वळणापर्यंतच, पण तिथनं दिसायचा. नारळी पौर्णिमेला. घाटावरचे पाहुणे आले की त्यांना दाखवायला. आणि एकदा शेळी सुटलेली तेव्हा." चौथ्या बोटावर अंगठा थांबला तो थांबलाच.

"आगं बया!" काकू म्हणाल्या. "म्हंजी समिंदराकाठी ऱ्हाऊन बी तुमी आमच्यावानीच कोरड्या!"

"घरामागंच तर होता," मामी म्हणाली. "कामं टाकून बघायला कोण जातं?" पण तोवर ओटाभर हसू पसरलं होतं. मीही हसले. हे लिहायला नको वाटतं, पण हसले.

त्या दिवसापासून मामी समुद्राबद्दल बोलेनाशी झाली. कुणी विचारलं तर "असंल" म्हणायची आणि आत जायची. तिची आई वारली होती, भावाने घर विकून मुंबई गाठली होती. मला फार उशिरा कळलं की माहेराविषयी गावाने तिला समुद्राशिवाय दुसरं काही कधी विचारलंच नव्हतं. तो एक विषय होता, तोही मी बंद केला. आता मी बीडला वसतिगृहात राहते. कपिलधारचा धबधबा इतका जवळ, पण दोन वर्षांत एकदाच गेले, तेही आई आली म्हणून तिला दाखवायला. तेव्हा मामीची चार बोटं आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

यंदा हिवाळ्यात कॉलेजची सहल कोकणात गेली. मामीचं गाव वाटेवरच होतं. मी सरांना घाबरत घाबरत विचारलं, त्यांनी अर्धा तास गाडी थांबवली. मैत्रिणी लाटांकडे धावल्या. मी मामीला व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याकडे धरला. मामीचे हात पिठाने भरलेले होते.

"दिसतोय का, मामी?"

"दिसतोय." पिठाच्याच बोटांनी तिने फोन जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "बाय, तो राहू दे. मागं वळ."

"मागं काय हाय?"

"तू वळ तर."

मी समुद्राकडे पाठ केली. ती सांगत गेली, मी चालत गेले. दोन माडांच्या मधून वर, मग डावीकडे, दगडी कुंपणाला लागून. "विहीर हाय का गो?" "हाय, वरून जाळी टाकलीय." "कुणी टाकली?" मला काय माहीत! तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. "कोण पाहिजे?" मी फोनच तिच्यापुढे धरला.

तिने डोळे बारीक केले. "बेबी? आमची बेबी नव्हं तू?"

इतकी वर्षं मामाच्या घरात राहून हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"होय काकी," मामी म्हणाली.

"जेवलीस काय?"

 मामीचा पिठाचा हात तसाच तोंडावर गेला. खाली सर शिट्टी वाजवत होते.

सुट्टीत तलवाड्याला गेले तेव्हा काकू शेंगा घेऊन आल्याच. "पोरी, कसा हाय समिंदर?" मी आठवायला लागले. लाटा मी नीट पाहिल्याच नव्हत्या.

"तिला काय विचारता?" मामी आतून हात पुसत आली आणि ओट्यावर मांडी घालून बसली. "मी सांगते."

तिने विहिरीपासून सुरुवात केली. मग काकीचं घर, कुंपण, सुटलेली शेळी, वळणावर थांबलेल्या बायका. शेंगा फोडून संपल्या, पण समुद्रापर्यंत ती त्या दिवशी पोचलीच नाही.