सीलवरचं कुंकू

देव आपलं ऐकतो तरी का, हा प्रश्न मला ऐन कार्तिकात पडला, तोही ट्रॅक्टरखालचं तेलाचं थारोळं बघून. आमच्या यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, पण डावा हात कमजोर राहिला आणि माणूस बोलेनासाच झाला. ट्रॅक्टर जुना असला तरी पॉवर स्टिअरिंगचा, चाक हलकं फिरणारं. म्हणून घरच्या शेतात थोडा वेळ चालवायची डॉक्टरांनी मोकळीक दिली होती. तेवढं केलं की यांच्या तोंडावर तेज यायचं. नेमका त्याच स्टिअरिंगचा पंप गळायला लागला आणि चाक जडशीळ झालं. हे ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मला त्या भिंतीचाही राग यायचा.

आमच्या नर्मदाकाठच्या, हिंदी मुलखातल्या निसरपूरकडे पेरणीच्या दिवसांत मिस्त्री मिळणं कठीण. आमचा मिस्त्री फोनवरच म्हणाला, "भाभी, सील बदल दो, बस." मी शाळेत विज्ञान शिकवते आणि कुठलीही वस्तू उघडून बघायची मला भारी खोड. पंप सोडवला, जुन्या धोतरावर मांडला. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत गुंतलेली. एवढ्याशा जागेत तेलाला इतका जोर येतो तरी कुठून! फिरणाऱ्या दांड्याभोवती रबरी कडी असते, तेच सील, ते तेल अडवतं. आता नवी वस्तू देवापुढे ठेवून हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची रीत. सील दत्तापुढे ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, बसवलं. पंप गळलाच. दुसरं आणलं, या खेपेला सढळ हातानं कुंकू लावलं, नवसही बोलले. ते तर पहिल्यापेक्षा जास्त गळलं. मग मात्र मी देवघरात जाऊन चक्क भांडले. म्हटलं, द्यायचं नसेल तर तसं सांग तरी एकदा!

त्याच दुपारी दारात "नर्मदे हर!" ऐकू आलं. परिक्रमेला निघालेली एकटी बाई होती, महाराष्ट्रातली. मी तिला जेवू घातलं. जेवणाआधी तिनं झोळीतली नर्मदाजलाची बाटली पाटावर ठेवली. परिक्रमावासी तिलाच मैया मानून रोज पुजतात. मी भक्तिभावानं झाकणालाच कुंकू लावायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"अहो ताई, झाकणाला नको. आट्यांत कुंकू गेलं की पाणी झिरपतं, माझी सगळी झोळी भिजते. समोर वाहा की. पोचतं तिला."

माझं बोट तसंच हवेत राहिलं. ती "नर्मदे हर" म्हणून वाटेला लागली आणि मी पंप उघडायला बसले. सीलच्या आतल्या कडेला दांड्याभोवती लाल रेघ! कुंकवाच्या कणांनी रबर खरवडून काढलं होतं. अगं बाई, हे मीच केलं! हसू आलं, मग रडूही आलं. तिसरं सील आणलं, दांडा स्वच्छ पुसला, सीलला नुसतं तेलाचं बोट लावलं आणि कुंकू दत्ताच्या पायांवर वाहिलं.

तिला ट्रॅक्टरचं काहीच ठाऊक नव्हतं, मी सांगितलंही नव्हतं. मग नेमक्या त्याच दिवशी ती माझ्याच दारी कशी आली? एरवी मी अशा प्रश्नाचा पिच्छा सोडत नाही. हा मात्र उघडून बघावासा वाटत नाही. देवाकडे सोपवलं असं मी म्हणत होते, पण माझं बोट काही मी काढून घेत नव्हते, एवढं मात्र उमगलं.

पंप जोडून झाल्यावर हे ट्रॅक्टरवर चढले, इंजिन सुरू केलं. डाव्या हातानं चाक पार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मी वाकून पाहिलं, खाली सगळं कोरडं. मी आपली खुळ्यासारखी बघत उभी.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? फाटक उघड!"

किती महिन्यांनी माझ्यावर ओरडले हो! दत्ता, तुझे उपकार कसे फेडू? मी फाटकाकडे धावले, पण डोळ्यांतल्या पाण्यानं मेली कडीच दिसेना.