पट्ट्यांनी बांधलेली मुलगी

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. एवढ्या नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या, पण मला खरा हादरा दिला तो एका साध्या वाक्याने. आणि ते वाक्य माझंच होतं.

वडील रेल्वेत. भुसावळहून त्यांची जयपूरला बदली झाली, मी इथेच शिकलो आणि इथेच पोलिसांत भरती झालो. निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं सीकर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जानेवारीचे दिवस होते. आठवड्यापूर्वी शेजारच्या जिल्ह्यातून दीड वर्षाची एक मुलगी पळवली गेली होती. तिचा फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली होता आणि वरून रोज विचारणा होत होती.

दुपारी दोनच्या सुमारास रस्त्याकडेच्या एका चहावाल्याचा फोन आला. माणूस म्हातारा, आवाज कापत होता.

"साहब, सफ़ेद गाड़ी है, महाराष्ट्र का नंबर. पीछे बच्ची बँधी हुई है, पट्टों से, उलटा मुँह करके. रो रही है और औरत उसका मुँह दबा रही है."

मी रोजनामच्यात नोंद घेतली, वायरलेसवर नंबर दिला आणि ठाण्यासमोरच नाकाबंदी लावली. दहा मिनिटांत गाडी अडवली. पुढे एक तरुण, मागे एक बाई आणि तिच्या शेजारी उंच पाठीच्या खुर्चीत, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून, खरोखरच पट्ट्यांनी बांधलेली मुलगी. वय साधारण दीड वर्ष. मला वाटलं, केस सुटली.

दोघांना वेगवेगळं बसवलं. तो फौजी होता, सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून इथल्या छावणीत आलेला. मुलीचा जन्मदाखला क्वार्टरवर राहिला होता. मी जुनीच पद्धत वापरली: दोघांना तेच प्रश्न, वेगवेगळ्या खोलीत. दात किती आलेत? शेवटची लस कधी दिली? झोपताना काय लागतं? दोघांची उत्तरं जुळली. आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा, हे तर दोघांनी एकाच शब्दांत सांगितलं.

"मग बांधलं का तिला?" मी बाईंना विचारलं. मराठीतून विचारल्यावर त्या आधी चमकल्या, मग उसळल्या. साताऱ्याकडच्या होत्या.

"साहेब, बांधलंय म्हंजे? तिच्या जिवासाठी बांधलंय! लहान लेकराची मान कच्ची असती. गाडी आदळली तर उलटं बसलेलं बरं, सगळा दणका पाठीवर निभतो. दुकानदार मोठी खुर्ची गळ्यात मारत हुता, पाच वर्षं चालंल म्हणून. म्या म्हटलं, आज हिच्या वजनाला, उंचीला बसती ती द्या."

"आणि तोंड दाबत होतात?"

"नाक पुसत हुते! सर्दी झालीया तिला."

तोवर पलटणीतून फोनवर खात्री पटली आणि काचेखालच्या फोटोशी मुलीचा चेहराही जुळत नव्हता. मी दिलगिरी व्यक्त केली, पण मनातून वैतागलो होतो. रोजनामच्यात लिहिलं: सूचना निराधार.

दरम्यान माझ्या शिपायांनी झडतीसाठी ती खुर्ची बाहेर काढली होती. हवालदाराने ती परत आत ठेवली, पट्टा कसाबसा गुंडाळला आणि म्हणाला, "हो गया, साब." मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती. त्यांना चौमूंला ओळखीच्यांकडे बारशाला जायचं होतं, उशीर माझ्यामुळेच झाला होता. मी मोठ्या मनाने म्हणालो, "ताई, झोपलीय ती. घ्या मांडीवर. चौमूं काय लांब नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलगी माझ्याच हातात दिली.

मग त्या गाडीत शिरल्या. खुर्चीवर गुडघा रोवून पूर्ण वजन टाकलं, गाडीचा पट्टा खेचून खेचून घट्ट केला, मग खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली. खुर्ची जागची हलली नाही. मुलीचं जाड जॅकेट काढलं. जॅकेटावरून पट्टे आवळले की ते आवळल्यासारखे वाटतात, पण आत ढिले राहतात म्हणे. पट्टे लावले, खांद्यापाशी चिमटीत धरून पाहिले, घडी पडली म्हणून आणखी आवळले, मग जॅकेट वरून पांघरलं. नवरा हॉर्न वाजवत होता, "अगं चल की!" मी घड्याळ बघत होतो. शेवटी त्या शेजारी बसल्या, स्वतःचा पट्टा लावला, कोमट पाण्याचा स्टीलचा थर्मास मांडीवर घेतला आणि गाडी निघाली.

अर्ध्या तासाने वायरलेस वाजला. चौमूंच्या अलीकडे एक ट्रॅक्टर-ट्रॉली उलट्या दिशेने आली होती. सफेद गाडी, महाराष्ट्राचा नंबर.

तिथे पोचलो तेव्हा गाडीचं तोंड जागेवर नव्हतं. नवऱ्याचा पाय अडकला होता. बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तरी त्या एकसारखं "पोरगी बघा, पोरगी बघा" म्हणत होत्या. मागच्या दाराशी गावकरी कशाशी तरी झटत होते. मला पाहून एकजण ओरडला, "साहब, बच्ची बँधी हुई है!"

तेच शब्द. मी गावकऱ्यांना बाजूला सारलं.

मी आत वाकलो. खुर्ची होती तिथेच होती. मुलगी लाल होऊन रडत होती, अंगावर काचेचा चुरा, बाकी ओरखडासुद्धा नाही. खुर्ची कशी लावतात ते दुपारी नाइलाजाने पाहिलं होतं म्हणून बटण कुठे आहे ते ठाऊक होतं. ते दाबलं आणि तिला त्या दिवसात दुसऱ्यांदा हातात घेतलं.

मग पंचनाम्यासाठी रस्ता मोजायला लागलो. गाडीच्या पुढे, वीस पावलांवर, तो स्टीलचा थर्मास पडला होता. दोन सीटांच्या मधून जाऊन, समोरची काच फोडून तो बाहेर आला होता. चेपून त्याची अर्धी रुंदी झाली होती. दुपारी निघताना तो बाईंच्या मांडीवर होता.

इतकी वर्षं मी माणसं वाचायला शिकलो असं समजत होतो. त्या दिवशी कळलं, पोलिसाला पट्टा दिसला की गुन्हा दिसतो, आणि मांडी दिसली की माया. दोन्ही वेळा मी चुकलो होतो. चहावाल्याने निदान फोन तरी केला. मी तर वर्दीच्या अधिकाराने सल्ला दिला होता.

पंचनाम्यात मी सगळं लिहिलं. ट्रॉलीची दिशा, घसरण्याच्या खुणा, खुर्ची, थर्मास, तो कुठून निघून कुठे पडला ते अंतरासकट. तो कोणाच्या मांडीवर होता तेही लिहिलं. त्या मांडीवर कोणाला घ्या म्हणून मी सांगितलं होतं, तेवढं मात्र लिहिलं नाही. ते आज लिहितो आहे.